क्वचित वापरल्या जाणाऱ्या मोटारीतील बॅटरीचे विसर्जन : कारणे, मापन व प्रतिबंध (चिचगड परिसराच्या संदर्भात)

सारांश

दीर्घकाळ एकाच जागी उभ्या असलेल्या मोटारीची बॅटरी उतरणे ही वरवर किरकोळ वाटणारी, परंतु दुर्गम भागात गंभीर परिणाम घडवू शकणारी बाब आहे. प्रस्तुत लेखात शिसे-आम्ल बॅटरीचे कार्य, उभ्या मोटारीत होणाऱ्या विसर्जनाची कारणे, त्याचे मापन आणि प्रतिबंधाचे उपाय यांचे विवेचन केले आहे. गोंदिया जिल्ह्यातील चिचगड परिसराचे हवामान व दळणवळण लक्षात घेऊन त्यांपैकी कोणते उपाय व्यवहार्य ठरतात, याचाही विचार केला आहे.

बीजसंज्ञा : शिसे-आम्ल बॅटरी, स्वयं-विसर्जन, सुप्त विद्युतप्रवाह, सल्फेटीभवन, तरंगते भारण.

१. प्रस्तावना

चिचगड हे गोंदिया जिल्ह्याच्या देवरी तालुक्यातील, वनांनी वेढलेले गाव होय. १ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्याचे विभाजन होऊन गोंदिया जिल्हा अस्तित्वात आला. तालुक्याचे ठिकाण असलेले देवरी राष्ट्रीय महामार्गावर (पूर्वीचा क्रमांक ६, आताचा ५३) वसलेले असले, तरी आतील गावांना मोठे दवाखाने, महाविद्यालये व बाजारपेठा यांसाठी लांबचा प्रवास करावा लागतो. अशा गावांत चारचाकी असणारी घरे मोजकीच असतात आणि त्या मोटारींचा वापरही रोजचा नसतो. शिक्षक, प्राध्यापक व शासकीय कर्मचारी दैनंदिन कामासाठी दुचाकी वापरतात. मोटार सणावाराला, लग्नकार्याला किंवा आजारपणात बाहेर निघते. उन्हाळ्याच्या सुटीत निवासस्थान बंद करून कुटुंब मूळ गावी गेले, की ती महिना-दीड महिना जागची हलत नाही.

येथेच विसंगती उद्भवते. जी मोटार क्वचित वापरली जाते, तिचीच गरज बहुधा तातडीच्या प्रसंगी पडते. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा राज्यात २०१४ पासून उपलब्ध असली, तरी पावसाळ्यातील अपरात्री सर्पदंशाचा रुग्ण किंवा अडलेली बाळंतीण हलवायची असता शेजाऱ्याची मोटार हाच अनेकदा जवळचा आधार ठरतो. किल्ली फिरवल्यावर केवळ ‘टक्’ असा आवाज येऊन मोटार स्तब्ध राहिली, तर हा आधार ऐनवेळी निकामी होतो. म्हणून बॅटरीची निगा हा केवळ यंत्राच्या देखभालीचा प्रश्न राहत नाही.

२. ऐतिहासिक पार्श्वभूमी

फ्रेंच शास्त्रज्ञ गास्तों प्लांते यांनी १८५९ मध्ये पुन्हा भारित करता येणारा शिसे-आम्ल घट तयार केला. १८८१ मध्ये कामीय फोर यांनी शिशाच्या पट्ट्यांवर रासायनिक लेप देण्याची पद्धत शोधल्यामुळे त्याचे औद्योगिक उत्पादन शक्य झाले. १९१२ मध्ये कॅडिलॅक मोटारीत विद्युत स्टार्टर बसविण्यात आला आणि बॅटरी मोटारीचा अविभाज्य भाग बनली. तथापि जुन्या ॲम्बॅसडरसारख्या मोटारीत बॅटरी उतरली, तरी हँडल मारून इंजिन सुरू करण्याची सोय होती.

२००० नंतर उत्सर्जनाची मानके टप्प्याटप्प्याने कडक होत गेली. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज ६ मानक लागू झाले. कार्ब्युरेटरच्या जागी संगणक-नियंत्रित इंधन-अंतःक्षेपण आले. त्याबरोबर मध्यवर्ती कुलूप, चोरीरोधक यंत्रणा, दूरनियंत्रक किल्ली आणि स्मृती जपणारी उपकरणे आली. परिणामी आजची मोटार बंद असतानाही पूर्णतः झोपलेली नसते.

३. बॅटरीचे कार्य

मोटारीच्या बॅटरीत सहा घट एकसरीत जोडलेले असतात. प्रत्येक घटाचे विद्युतदाब सुमारे २.१ व्होल्ट असल्याने पूर्ण भारित बॅटरीचे दाब १२.६ ते १२.७ व्होल्ट भरते. धन पट्टीवर शिशाचे डायऑक्साइड, ऋण पट्टीवर सच्छिद्र शिसे आणि दोहोंमध्ये विरल गंधकाम्ल असते. विसर्जन होताना दोन्ही पट्ट्यांवर शिशाचे सल्फेट तयार होते व आम्ल पातळ होत जाते. भारण, म्हणजे व्यवहारातील चार्जिंग, होताना ही क्रिया उलट दिशेने घडते.

नव्याने तयार झालेले सल्फेट सूक्ष्म स्फटिकांच्या रूपात असल्याने सहज विरघळते. मात्र बॅटरी आठवडेच्या आठवडे उतरलेल्या अवस्थेत राहिल्यास हे स्फटिक मोठे व कठीण होतात आणि भारणाला दाद देत नाहीत. या प्रक्रियेस सल्फेटीभवन म्हणतात. बॅटरी ‘एकदा उतरली, पुन्हा चार्ज केली’ इतका हा हिशेब सोपा नाही, याचे कारण हेच. प्रत्येक दीर्घ विसर्जनानंतर तिच्या क्षमतेचा काही भाग कायमचा नाहीसा होतो.

४. उभ्या मोटारीत विसर्जन का होते?

४.१ सुप्त विद्युतप्रवाह : मोटार बंद असताना संगणक, घड्याळ, कुलूप व चोरीरोधक यंत्रणा यांना लागणारा अल्प प्रवाह सामान्यतः २० ते ५० मिलिअँपिअर असतो. नंतर बसविलेले मागोवा-यंत्र, डॅशबोर्ड कॅमेरा किंवा ध्वनियंत्रणा त्यात भर घालतात. डिकीतील ५ वॉटचा दिवा चुकून चालू राहिला, तर सुमारे ०.४ अँपिअर प्रवाह वाहतो आणि ३५ अँपिअर-तास क्षमतेची बॅटरी साडेतीन दिवसांत रिकामी होते.

४.२ स्वयं-विसर्जन : कोणतीही तार जोडलेली नसली तरी बॅटरीत अंतर्गत रासायनिक क्रियेने ऱ्हास होतो. सामान्य तापमानाला तो महिन्याला काही टक्के असतो. परंतु तापमान दर १० अंश सेल्सिअसने वाढल्यास त्याचा वेग सुमारे दुप्पट होतो. पूर्व विदर्भात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो आणि उन्हात उभ्या मोटारीच्या बॉनेटखाली त्याहून अधिक उष्णता साचते. त्यामुळे थंड प्रदेशांसाठी सांगितलेले आडाखे येथे जसेच्या तसे लागू पडत नाहीत.

४.३ पृष्ठभागावरील गळती : बॅटरीच्या माथ्यावर धूळ व आम्लाची वाफ यांचा थर साचतो. पावसाळ्यातील दमट हवेत हा थर विद्युतवाहक बनून दोन अग्रांमध्ये क्षीण प्रवाह वाहू लागतो.

४.४ उंदरांचा उपद्रव : धान पिकविणाऱ्या या भागात घर व कोठार जवळजवळ असतात. उभ्या मोटारीच्या बॉनेटखाली उंदीर आश्रय घेतात आणि तारांचे आवरण कुरतडतात. उघड्या पडलेल्या तारांतून होणारी गळती सहसा लवकर ध्यानात येत नाही.

५. एक साधे गणित

लहान पेट्रोल मोटारीची बॅटरी ३५ अँपिअर-तास क्षमतेची व सुप्त प्रवाह ३० मिलिअँपिअर मानल्यास दररोज ०.७२ अँपिअर-तास खर्च होतात. उन्हाळ्यातील स्वयं-विसर्जन महिन्याला सहा टक्के धरल्यास त्यात रोज ०.०७ ची भर पडून एकूण खर्च ०.७९ अँपिअर-तास होतो. इंजिन खात्रीने सुरू होण्यासाठी बॅटरी निम्मी तरी भारित असावी, असे गृहीत धरू. पूर्ण भारित बॅटरीला ही मर्यादा गाठण्यास सुमारे २२ दिवस लागतात. परंतु गावातल्या गावात फिरणाऱ्या मोटारीची बॅटरी बहुधा पूर्ण भारित नसते. ती ८० टक्के असल्यास केवळ १३ दिवस पुरतात.

२५ मार्च ते ३१ मे २०२० या देशव्यापी टाळेबंदीच्या ६८ दिवसांना हेच गणित लावले, तर खर्च सुमारे ५४ अँपिअर-तास, म्हणजे बॅटरीच्या संपूर्ण क्षमतेच्या दीडपट होतो. तेवढा काळ न हलविलेली मोटार सुरू न होणे हे दैवाचे नव्हे, तर साध्या गुणाकाराचे फळ होते. उन्हाळी सुटीचा हिशेबही याहून फारसा वेगळा नाही.

६. मापन व निदान

मोटार काही तास बंद ठेवल्यावर मल्टिमीटरने अग्रांवरील दाब मोजावा. १२.६ व्होल्ट म्हणजे जवळजवळ पूर्ण, १२.४ म्हणजे पाऊण, १२.२ म्हणजे निम्मी आणि १२.० म्हणजे सुमारे पाव भारित बॅटरी, असा स्थूल अर्थ घ्यावा. झाकणे उघडणारी बॅटरी असल्यास हायड्रोमीटरने आम्लाचे विशिष्ट गुरुत्व पाहता येते. पूर्ण भारित अवस्थेत ते साधारणतः १.२६५ असते, उष्ण प्रदेशांसाठीच्या बॅटऱ्यांत ते मुळातच किंचित कमी ठेवलेले असते. सहापैकी एकाच घटाचे गुरुत्व इतरांपेक्षा बरेच कमी आढळल्यास तो घट निकामी होत आहे, असे समजावे.

सुप्त प्रवाह मोजण्यासाठी ऋण अग्राची तार सोडवून मल्टिमीटर १० अँपिअर श्रेणीत एकसरीत जोडतात. दारे बंद करून अर्धा-पाऊण तास थांबल्यावरच आकडा वाचावा. कारण संगणक निद्रावस्थेत जाण्यास वेळ घेतात. मीटर जोडलेला असताना इंजिन सुरू करण्याचा प्रयत्न करू नये. आकडा ५० मिलिअँपिअरपेक्षा बराच जास्त असेल, तर फ्यूज एकेक काढून पाहावा. ज्या फ्यूजने आकडा एकदम घसरतो, त्या मंडलात दोष असतो.

७. प्रतिबंधाचे उपाय

७.१ नियमित फेरी : रोज पाच मिनिटे इंजिन जागेवर चालू ठेवण्याची प्रथा सर्वत्र आढळते, परंतु ती फारशी उपयुक्त नाही. मंद गतीत अल्टरनेटर कमी प्रवाह देतो, त्यातील काही भाग स्टार्टरने खर्च केलेली ऊर्जा भरून काढण्यात जातो आणि इंजिन पुरेसे तापत नसल्याने धुराड्यात पाणी साचते. वर दिलेल्या उदाहरणात आठवड्याचा खर्च ५.५ अँपिअर-तास आहे. तो भरून काढण्यास १० अँपिअरने अर्ध्या तासाहून अधिक वेळ लागतो. म्हणून आठवड्यातून एकदा, चिचगडहून देवरीच्या रस्त्याने पाऊण तासाची सलग फेरी मारणे रोजच्या पाच मिनिटांपेक्षा हितावह होय. बंद शेडमध्ये इंजिन कधीही चालू ठेवू नये. कार्बन मोनॉक्साइड हा वास नसलेला प्राणघातक वायू आहे.

७.२ ऋण अग्र सोडविणे : महिनाभर किंवा अधिक काळ बाहेरगावी जायचे असल्यास हा सर्वांत स्वस्त उपाय आहे. त्यामुळे सुप्त प्रवाह थांबतो व केवळ स्वयं-विसर्जन उरते. प्रथम ऋण तार सोडवावी आणि जोडताना ती शेवटी जोडावी. मोटारीचा सांगाडा ऋण अग्राशी जोडलेला असतो. म्हणून धन अग्रावर काम करताना पाना सांगाड्याला टेकला, तर प्रचंड ठिणगी उडते. तार सोडविल्यावर घड्याळ व रेडिओच्या नोंदी पुसल्या जातात, दूरनियंत्रक किल्ली चालत नाही. म्हणून यांत्रिक किल्ली जवळ असल्याची खात्री करावी. मात्र अचानक गरज पडू शकते तेथे हा उपाय योजताना घरातील दुसऱ्या व्यक्तीलाही तार जोडण्याची रीत शिकवून ठेवणे आवश्यक आहे.

७.३ तरंगते भारण : वीजपुरवठा उपलब्ध असल्यास स्वयंचलित भारक जोडून ठेवता येतो. तो बॅटरी पूर्ण भरल्यावर सुमारे १३.६ व्होल्टचा दाब टिकवितो. हा आकडा २५ अंश तापमानासाठी आहे. तापमान वाढेल तसा दर अंशाला सुमारे ०.०२ व्होल्ट कमी करावा लागतो. ४५ अंशांना तो १३.२ च्या जवळ हवा. म्हणून तापमानानुसार दाब बदलणारा भारकच निवडावा. साधा स्वस्त भारक दिवसेंदिवस जोडून ठेवल्यास बॅटरीतील पाणी उडून जाते.

७.४ सौर भारण : वीज खंडित होणाऱ्या गावांत १० वॉटचे सौर पटल हा उत्तम पर्याय आहे. पाच तासांचे चांगले ऊन मिळाल्यास ते तत्त्वतः दिवसाला सुमारे ४ अँपिअर-तास देते. घट-तूट व ढगाळ दिवस वजा करूनही ०.७९ ची गरज भागते. पटल व बॅटरी यांमध्ये भारण-नियंत्रक अवश्य असावा.

७.५ सामान्य निगा : मोटार सावलीत उभी करावी. बॅटरीचा माथा खाण्याच्या सोड्याच्या पातळ द्रावणाने पुसावा, परंतु ते झाकणांतून आत जाऊ देऊ नये. अग्रे घट्ट करून त्यांवर पेट्रोलियम जेली लावावी. पाण्याची पातळी उतरल्यास फक्त ऊर्ध्वपातित पाणी घालावे. विहिरीच्या किंवा बोअरच्या पाण्यातील लोह व क्लोराइड पट्ट्यांना घातक ठरतात.

८. बॅटरी उतरल्यानंतर

दुसऱ्या मोटारीची मदत घेताना लाल केबल प्रथम उतरलेल्या व नंतर चांगल्या बॅटरीच्या धन अग्राला जोडावी. काळी केबल चांगल्या बॅटरीच्या ऋण अग्राला आणि तिचे शेवटचे टोक बंद मोटारीच्या इंजिनाच्या धातूला, बॅटरीपासून दूर जोडावे. भारणाच्या वेळी हायड्रोजन वायू बाहेर पडतो व हवेत त्याचे प्रमाण चार टक्के झाल्यास ठिणगीने स्फोट होऊ शकतो. म्हणून हा क्रम पाळावयाचा. धक्का मारून मोटार सुरू करण्याची युक्ती केवळ हाताने गिअर बदलणाऱ्या मोटारींत आणि इंधन-संगणक चालण्याइतकी शक्ती शिल्लक असेल तरच साधते. विद्युत मोटारींतही १२ व्होल्टची सहायक बॅटरी असते. त्यांच्याबाबत निर्मात्याच्या पुस्तिकेचे पालन करावे.

निकामी बॅटरी भंगारात न देता विक्रेत्याकडे परत करावी. २००१ च्या बॅटरीविषयक नियमांची जागा घेणाऱ्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम, २०२२ नुसार जुन्या बॅटऱ्यांच्या संकलनाची व पुनर्चक्रीकरणाची जबाबदारी उत्पादकांवर आहे. उघड्यावर फोडलेल्या बॅटरीतील शिसे माती व विहिरींत उतरते आणि लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीस अपाय करते.

९. निष्कर्ष

१) उभ्या मोटारीची बॅटरी उतरण्यास सुप्त प्रवाह हे मुख्य व स्वयं-विसर्जन हे दुय्यम कारण आहे, उष्णता दुसऱ्याचा वेग वाढविते.

२) चिचगडसारख्या ठिकाणी न वापरलेल्या मोटारीची सुरक्षित मुदत दोन ते तीन आठवडे मानावी.

३) पंधरवड्याच्या आतील खंडासाठी साप्ताहिक फेरी, दीर्घ सुटीसाठी ऋण अग्र सोडविणे आणि सदैव सज्ज ठेवावयाच्या मोटारीसाठी नियंत्रकासह सौर पटल, अशी निवड करणे इष्ट होय.

४) महाविद्यालयांतील भौतिकशास्त्र व रसायनशास्त्र विभागांना मल्टिमीटर व हायड्रोमीटर यांच्या साहाय्याने हे मापन विद्यार्थ्यांकडून करवून घेणे सहज शक्य आहे. त्यातून पाठ्यक्रमातील विद्युत-रसायनाला प्रत्यक्ष जीवनाचा संदर्भ मिळेल आणि परिसरातील मोटारी गरजेच्या रात्री पहिल्या किल्लीला सुरू होण्याची शक्यताही वाढेल.