वजनगट, सहज बल आणि वैद्याचे कर्तव्य

कृष्णा-पंचगंगेच्या परिसरातील कुरुंदवाड हे छोटेसे नगर वेटलिफ्टिंगच्या क्षेत्रात सुपरिचित आहे. २०१४ साली ग्लासगो येथील राष्ट्रकुल क्रीडास्पर्धेत या एकाच गावच्या तीन खेळाडूंनी कांस्यपदके मिळविली. गणेश माळी यांनी ५६ किलो गटात, ओंकार ओतारी यांनी ६९ किलो गटात व चंद्रकांत माळी यांनी ९४ किलो गटात हा मान मिळविला. गणेश माळी यांनी एकूण २४४ किलो, तर ओंकार ओतारी यांनी २९६ किलो भार उचलला. दोघांच्या भारात ५२ किलोंचे अंतर असूनही पदक एकाच प्रतीचे, आणि त्यात कोणासही अन्याय वाटला नाही. वजनगटांच्या व्यवस्थेचे हेच प्रयोजन आहे.

तथापि मुष्टियुद्ध, कुस्ती व वेटलिफ्टिंग या खेळांतील तरुण आणि त्यांचे पालक एक प्रश्न वारंवार विचारतात. गट एक असला तरी एखाद्याची हाडेच रुंद, उंची अधिक, हात लांब. मग ही स्पर्धा समान म्हणावी काय? या प्रश्नाच्या मागोमाग बहुधा दुसरी मागणी येते : "वैद्यराज, चार दिवसांत तीन किलो उतरतील असे काही द्या." या मागणीशी आपल्या व्यवसायाचा थेट संबंध असल्याने दोन्ही बाबींचा विचार येथे करावयाचा आहे.

वजनगट कशासाठी?

स्नायूचे बल मुख्यतः त्याच्या छेदाच्या क्षेत्रफळावर अवलंबून असते, तर शरीराचे वजन घनफळावर. म्हणून शरीर मोठे झाले की एकूण बल वाढते, परंतु वजनाच्या प्रमाणात ते तितके वाढत नाही. मुष्टियुद्धात ठोशामागील वस्तुमानाचे महत्त्व असल्याने हलक्या खेळाडूस भारी प्रतिस्पर्ध्यापुढे उभे करणे केवळ अन्याय्यच नव्हे, तर धोक्याचेही ठरते. लंडनच्या नॅशनल स्पोर्टिंग क्लबने १९०९ साली मुष्टियुद्धाचे आठ वजनगट निश्चित केले. आपल्याकडे कुस्तीच्या मैदानात तराजूऐवजी जाणत्यांची नजर हे काम करीत असे. तोडीस तोड 'जोड' लावणे हे मैदान भरविणाऱ्यांचे कौशल्य मानले जाई.

सहज बलाचा विचार

चरकाचार्यांनी बलाचे सहज, कालज व युक्तिकृत असे तीन प्रकार सांगितले आहेत. देहप्रकृतीबरोबर येणारे ते सहज, ऋतू व वय यांमुळे येणारे कालज, आणि आहार व व्यायाम यांच्या योजनेने मिळविलेले युक्तिकृत. सहज बल हा कोणाचा अपराध नव्हे. विमानस्थानात सारपरीक्षेच्या संदर्भात आचार्यांनी वैद्यास सावध केले आहे की, केवळ मोठे शरीर पाहून बलाचा व लहान शरीर पाहून दुर्बलतेचा निष्कर्ष काढू नये. स्वतःहून मोठा भार वाहणारी मुंगी हे तेथील उदाहरण. प्रमाण, संहनन व सार यांची परीक्षा म्हणूनच वेगवेगळी सांगितली आहे.

खेळातही हेच दिसते. एकाच वजनाच्या दोन मुष्टियोद्ध्यांपैकी उंच असतो त्यास हाताच्या लांबीचा लाभ मिळतो. बुटक्याचे शरीर अधिक घट्ट व मांसल असते आणि जवळच्या लढतीत ते त्यास उपयोगी पडते. वेटलिफ्टिंगमध्ये तर आखूड हातपायांचा खेळाडू भार कमी अंतर वर नेतो. म्हणजे गटाच्या मर्यादेत एकच देहरचना सदासर्वदा श्रेष्ठ ठरत नाही.

मणिपूरच्या मेरी कोम यांनी ४६ व ४८ किलो गटांत जागतिक विजेतेपदे मिळविली होती. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये महिलांसाठी ५१, ६० व ७५ किलो असे तीनच गट असल्याने त्यांना देहाने मोठ्या स्पर्धकांशी लढावे लागले, तरीही त्यांनी कांस्यपदक मिळविले. कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे विद्यार्थी खाशाबा जाधव १९४८ साली लंडनला ५२ किलो गटात सहावे आले. १९५२ साली हेलसिंकी येथे ते वरच्या, ५७ किलो गटात खेळले आणि स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक त्यांनीच मिळविले. वरच्या गटात जाणे म्हणजे माघार नव्हे, हे आपल्याच भागातील या उदाहरणावरून तरुणांस सांगता येईल.

अन्याय आणि अपाय कोठे?

खरा अन्याय नैसर्गिक आकारात नसून वजनाच्या क्षणापुरते शरीर कृत्रिमरीत्या आटविण्यात आहे. पाणी तोडणे, जाड कपडे घालून धावणे, अतिस्वेदन, रेचक व मूत्रल औषधे या मार्गांनी काही किलो उतरवून खालच्या गटात शिरावयाचे आणि वजन झाल्यावर पुन्हा पाणी भरून मोठ्या देहाने लढावयाचे, हा तो प्रकार. वजन व लढत यांत जितका अवधी अधिक, तितका हा मोह अधिक. व्यावसायिक मुष्टियुद्धात वजन साधारणतः आदल्या दिवशी होते. वेटलिफ्टिंगमध्ये ते स्पर्धेपूर्वी दोन तास सुरू होते. इतक्या अल्पावधीत गेलेले द्रव व क्षार पूर्णपणे भरून येत नाहीत.

१९९७ च्या नोव्हेंबर-डिसेंबरात अमेरिकेतील तीन महाविद्यालयीन कुस्तीगीर असे वजन उतरविताना सुमारे महिनाभरात मृत्यू पावले. त्यानंतर तेथे शरीरातील जलांशाची तपासणी करून प्रत्येक खेळाडूचे किमान वजन ठरविण्याची पद्धत आली. पॅरिस ऑलिंपिकमध्ये ७ ऑगस्ट २०२४ रोजी विनेश फोगट यांचे वजन ५० किलोपेक्षा १०० ग्रॅम अधिक भरले आणि अंतिम लढतीपूर्वीच त्या अपात्र ठरल्या. टोकियोत त्या ५३ किलो गटात खेळल्या होत्या. रात्रभर घाम गाळूनही हे १०० ग्रॅम गेले नाहीत, यावरून शरीरास किती आटविता येते याची सीमा लक्षात यावी.

आयुर्वेददृष्ट्या हा रसक्षय आहे. तृष्णेचा वेग अधारणीय सांगितला आहे आणि व्यायामही अर्धशक्तीनेच करावा असे सांगितले आहे. तृष्णा दाबून, घाम गाळून वर पूर्ण शक्तीने लढणे म्हणजे वातप्रकोप व ओजक्षय यांस निमंत्रणच होय. आधुनिक शास्त्रही पोटॅशियमच्या ऱ्हासाने हृदयाची लय बिघडते आणि उष्माघाताचा धोका वाढतो, असे सांगते.

आपले कर्तव्य

विरेचनाची मागणी झाल्यास हे ध्यानात ठेवावे की, शास्त्रोक्त विरेचनापूर्वी स्नेहन-स्वेदन आणि नंतर तीन ते सात दिवसांचे संसर्जन आवश्यक असते व त्या काळात व्यायाम वर्ज्य असतो. स्पर्धेच्या तोंडावर जयपालयुक्त इच्छाभेदी रसासारखे तीव्र रेचन देणे ही चिकित्सा नव्हे. औषधालयांनीही अशी औषधे वैद्याच्या सूचनेवाचून तरुणांस देऊ नयेत.

दुसरी बाब उत्तेजकविरोधी नियमांची. सर्व मूत्रल औषधे खेळाडूंना स्पर्धेत व स्पर्धेबाहेरही निषिद्ध आहेत. कुचल्यातील स्ट्रिक्नीन, सोमलतेतील इफेड्रीन (ठरावीक मर्यादेपलीकडे) व भांगेतील घटक स्पर्धाकाळात निषिद्ध आहेत. म्हणजे अग्निमांद्यासाठी सहज दिली जाणारी अग्नितुंडी वटीही, तीत कुचला असल्याने, एखाद्या मुलाची वर्षांची मेहनत वाया घालवू शकते. त्यामुळे तरुण रुग्णास "तू स्पर्धेत उतरतोस काय?" हा प्रश्न विचारण्याची सवय प्रत्येक वैद्याने व औषधविक्रेत्याने लावून घ्यावी.

वजन खरोखर अधिक असेल तर ते मेद कमी करून, आहारविहाराच्या योजनेने, आठवड्यास फार तर एक टक्क्याच्या आसपास, स्पर्धेच्या बऱ्याच आधीपासून उतरवावे. वाढीच्या वयातील मुलास मात्र लंघनाऐवजी वरचा गट सुचवावा आणि हे त्याच्या प्रशिक्षकाशी व पालकांशी स्पष्टपणे बोलावे.

सहज बल जन्मासोबत येते; त्याबद्दल तक्रार करून उपयोग नाही. युक्तिकृत बल मात्र आपल्या सल्ल्याने वाढते किंवा खालावते. आपल्या दाराशी आलेला तरुण योग्य गटात आणि निरोगी देहाने लढावा, इतके साधले तरी वैद्याचे कर्तव्य पार पडले असे म्हणता येईल.