डाळिंबाची साल : टाकाऊ नव्हे, पण जपून



सांगोला, मंगळवेढा, पंढरपूर भागात डाळिंबाचा तोडा झाला की तडकलेल्या फळांचा ढीग बांधावर पडतो. व्यापारी त्याला हात लावत नाही. पण डाळिंबाच्या साली-बियांचा उपयोग त्वचेच्या मलमांत आणि साबणांत होतो. तो कसा, ते पाहू.

साल जिभेला लावली तर तोंड तुरट होते. हा तुरटपणा टॅनिनचा. त्याने त्वचा किंचित आवळली जाते. वाळलेल्या बियांत साधारण 12 ते 20 टक्के तेल असते. ते त्वचा मऊ ठेवते. बियांचे तेल काढायला यंत्र लागते. आपल्या हातातले काम आहे ते साल वाळवण्याचे.

कारखान्यात भरडलेली साल पाण्यात किंवा पाणी-अल्कोहोलच्या मिश्रणात भिजवतात, गाळतात आणि मंद उष्णतेवर आटवतात. हा झाला अर्क. मलमात तो थोडाच पडतो.

आता मुख्य गोष्ट. आपण फवारतो ते औषध बसते सालीवरच. साल वाळली की पाणी उडते, औषध मात्र मागे उरते. म्हणजे किलोमागे त्याचे प्रमाण वाढतेच. असा माल कुणाच्या तोंडाला लागणार, याचा विचार करा. म्हणून :

1. शेवटच्या फवारणीनंतर डब्यावर लिहिलेले दिवस पूर्ण झाल्याशिवाय त्या बागेची साल घेऊ नये. फवारणीची वही ठेवावी.
2. फळ ताजे तडकलेले असावे. बुरशी लागलेले, सडलेले किंवा तेल्याचे डाग असलेले फळ घेऊ नये. तेल्याची फळे बागेबाहेर नेऊन नष्ट करावीत.
3. फळे धुऊन स्टीलच्या सुरीने कापावीत. लोखंड लागले की टॅनिनमुळे साल काळी पडते.
4. स्वच्छ कापडावर, सावलीत, पातळ पसरून वाळवावी. मोडताना कट्‌ आवाज आला की वाळली समजा. मग कोरड्या, बंद डब्यात भरावी.
5. आधी नमुना दाखवून गिऱ्हाईक पक्के करावे, मगच ढीग वाळवावा.

भगिनींनो, बचत गटातून लेप किंवा साबण करून विकायचा असेल, तर 2020 च्या सौंदर्यप्रसाधन नियमांप्रमाणे परवाना लागतो. त्याची चौकशी अन्न व औषध प्रशासनाकडे करावी. घरी वापरतानासुद्धा आधी कोपराच्या आतल्या बाजूला थोडा लेप लावून एक दिवस थांबा. खाज किंवा लाली आली, तर तोंडाला लावू नका. झाडपाल्याचे म्हणून सगळेच निर्धोक, असे नसते बरं का! आणि गोरे करण्याचे वचन कुणालाच देऊ नका.

बागेबद्दल शंका असल्यास सोलापूरजवळ केगावला 2005 साली सुरू झालेल्या राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्रात विचारा. 2016 साली सोलापूरच्या डाळिंबाला भौगोलिक मानांकन मिळाले. ते नाव सालीनेही राखायला हवे.