नाव विचारणारा कोण?

टोकियो

2016 च्या फेब्रुवारीत जपानमधल्या एका आईने इंटरनेटवर आपला संताप लिहून काढला. तिच्या मुलाचा पाळणाघरात नंबर लागला नव्हता. इथे सरकारमान्य पाळणाघरांतल्या जागा नगरपालिका वाटते. आईवडिलांचे कामाचे तास किती, घरात सांभाळणारं कोणी आहे का, हे तपासून गुण देते. गुण कमी पडले की मूल घरी, आणि बहुतेक वेळा आईची नोकरी गेली. त्या सुमारास देशभरात 23 हजारांवर मुलं रांगेत होती आणि सरकार बायकांनी काम करावं म्हणून घोषणा देत होतं. त्या बाईने जे लिहिलं ते चांगलंच शिवराळ होतं. मथळाच असा की, पाळणाघरात नंबर लागला नाही, मर जपान! खाली नाव नाही, गाव नाही.

29 फेब्रुवारीला विरोधी पक्षाच्या खासदार शिओरी यामाओ यांनी तो मजकूर संसदेच्या अर्थसंकल्प समितीत पंतप्रधान शिन्झो आबे यांच्यासमोर ठेवला. आबे म्हणाले की लिहिणारा निनावी आहे, तेव्हा हे खरंच घडलंय का याची खात्री करून घ्यायला माझ्याकडे मार्ग नाही. बाकांवरून आरोळ्या उठल्या: कोणी लिहिलंय? त्या माणसाला समोर आणा! मग काही दिवसांतच आया संसद भवनासमोर येऊन उभ्या राहिल्या. हातातल्या फलकांवर लिहिलं होतं, नंबर न लागलेली ती मीच. सुमारे 27 हजार सह्या आरोग्यमंत्र्यांच्या हाती दिल्या गेल्या. रांगेतल्या मुलांचा प्रश्न त्या वर्षी राष्ट्रीय झाला. मूळ बाईला मात्र कोणापुढे उभं राहून ओळखपत्र दाखवावं लागलं नाही.

सोलापूरच्या वाचकांसाठी जपानविषयी लिहायचं म्हटलं की बुलेट ट्रेन, शिस्त, स्वच्छता हेच विषय डोळ्यांपुढे येतात. मला वाटतं, या देशाचा खरा स्वभाव कळायचा असेल तर त्याची निनावी बोलण्याची सवय पाहावी. सरकारच्याच 2014 च्या श्वेतपत्रिकेत आकडा आहे: ट्विटर वापरणाऱ्या जपान्यांपैकी 75 टक्के लोक निनावी. अमेरिकेत हेच प्रमाण 36 टक्क्यांच्या आसपास होतं. लोकलमध्ये माझ्या शेजारी उभा असलेला सूटबूटवाला माणूस ऑफिसच्या बैठकीत साहेबांपुढे अवाक्षर काढत नाही, गल्लीच्या रहिवासी मंडळात हो ला हो म्हणतो. तोच माणूस मोबाइलवर टोपणनावाने साहेबांवर, पगारावर, पंतप्रधानांवर सडेतोड लिहितो. याला दुटप्पीपणा म्हणणारे परदेशी मला पुष्कळ भेटले. मला ते पटत नाही. जिथे नोकरी आयुष्यभराची आणि शेजार पिढ्यान्‌पिढ्यांचा, तिथे एका वाक्याची किंमत फार मोठी असते. ती परवडत नाही म्हणून माणूस नाव झाकतो, पण बोलणं सोडत नाही.

या सवयीला 1999 च्या मे महिन्यात एक घर मिळालं. हिरोयुकी निशिमुरा नावाचा जपानी विद्यार्थी अमेरिकेतल्या आर्कान्सा राज्यात शिकत होता. तिथून त्याने ‘नि-चॅनेल’ नावाचा सार्वजनिक फलक सुरू केला. त्याची रचना पाहण्यासारखी आहे. नोंदणी नाही, छायाचित्र नाही, कोण किती प्रसिद्ध हे दाखवणारा आकडा नाही. नावाची चौकट रिकामी सोडली की तिथे आपोआप ‘ननाशी-सान’, म्हणजे निनावी महाशय, असं उमटतं. लाखो लोक, सगळ्यांचं नाव एकच. प्रत्येक नोंदीला क्रमांक मिळतो आणि हजाराव्या नोंदीला तो विषय बंद होतो, पुढे बोलायचं तर नवा विषय उघडायचा. बऱ्याच विभागांत नोंदीशेजारी एक सांकेतिक खूण असते, तीही रोज बदलते. त्यामुळे कालचा माणूस आज ओळखू येत नाही. प्राध्यापक आणि शाळकरी पोरगा एकाच पायरीवर. 2004 साली लोकलमध्ये एका दारुड्यापासून बायकांना वाचवणाऱ्या लाजऱ्याबुजऱ्या तरुणाला तिथल्या अनोळखी लोकांनी प्रेमाचे धडे दिले. त्या नोंदींचंच ‘देन्शा ओतोको’ हे पुस्तक झालं, पुढच्या वर्षी चित्रपटही आला.

मराठी माणसाला हे अगदीच परकं वाटू नये. 1848 ते 1850 या काळात ‘प्रभाकर’ साप्ताहिकात शंभरावर पत्रं छापून आली. ब्राह्मण्यावर, बालविवाहावर, आपल्या आळसावर त्यांत कोरडे ओढलेले होते. खाली सही ‘लोकहितवादी’. लिहिणारे गोपाळ हरी देशमुख कंपनी सरकारच्या नोकरीत होते. 1897 च्या जूनमध्ये ‘केसरी’त शिवाजी महाराजांचे उद्गार म्हणून जी कविता आली, तिच्याखालीही कवीचं नाव नव्हतं, भवानी तलवारीची खूण होती. शिक्षा संपादक टिळकांनी भोगली, अठरा महिने. त्याच शतकात जपानमध्येही 1875 च्या वृत्तपत्र कायद्यांखाली पत्रकार तुरुंगात जात होते. तेव्हा काही वृत्तपत्रांनी केवळ तुरुंगात जाण्यासाठी एक नामधारी संपादक पगारावर ठेवला होता. 1930 च्या मे-जूनमध्ये मार्शल लॉखाली राहिलेल्या आणि ‘गझनफर’चे संपादक कुर्बान हुसेन यांना फासावर जाताना पाहिलेल्या सोलापूरला, लिहिलेल्या शब्दाखाली नाव असण्याची किंमत मी काय सांगावी!

युद्धानंतरच्या जपानी राज्यघटनेचं 21 वं कलम जपानच्या अशाच अनुभवातून आलं. 3 मे 1947 पासून ते लागू आहे. भाषण आणि छपाईचं स्वातंत्र्य, सेन्सॉरशिपला बंदी, हे त्यात आहेच, पण त्याच कलमात संदेशवहनाच्या गुप्ततेची हमीही आहे. म्हणून कोणी काय लिहिलं हे इंटरनेट कंपनी मागेल त्याला सांगत बसू शकत नाही. कागदावर हमी भक्कम असली तरी नावानिशी लिहिणारी वृत्तपत्रं मात्र दबकून असतात. प्रत्येक मंत्रालयाला चिकटलेले पत्रकार क्लब आहेत. बातमी तिथे मिळते, पण क्लबात राहायचं तर अडचणीचा प्रश्न जरा बेतानेच विचारायचा. रिपोर्टर्स विदाउट बॉर्डर्सच्या वृत्तपत्रस्वातंत्र्याच्या यादीत 2010 साली 11 वा असलेला जपान 2025 मध्ये 66 वा होता. (भारत 151 वा.) वृत्तपत्रं गप्प बसली की निनावी फलकांना गर्दी होते, असं मला इथे राहून वाटायला लागलं आहे.

पण या फलकांनी माणसंही चिरडली आहेत. स्माइली किकुची हा विनोदी कलाकार. 1980 च्या दशकाच्या अखेरीस टोकियोच्या आदाची भागात एका शाळकरी मुलीची निर्घृण हत्या झाली होती. हाही त्याच भागातला, वयानेही आरोपींच्या आसपासचा. एवढ्यावरून 1999 च्या सुमारास कोणीतरी लिहिलं की हाही त्या खुनात होता. काडीचा संबंध नव्हता. तरी दहा वर्षं ते त्याच्यामागे लागलं, त्याची कामं गेली, धमक्या आल्या. अखेर 2009 च्या सुमारास पोलिसांनी लिहिणाऱ्यांचा माग काढला, तेव्हा देशाच्या कानाकोपऱ्यातले, एकमेकांना न ओळखणारे डझनाहून अधिक साधेसुधे लोक निघाले. एकावरही खटला उभा राहिला नाही.

23 मे 2020 रोजी हाना किमुरा ही 22 वर्षांची कुस्तीपटू गेली. टीव्हीवरच्या एका कार्यक्रमात ती चिडलेली दिसली, त्यानंतर शेकडो निनावी संदेशांनी तिला मरण सुचवलं होतं. त्यातल्या एका माणसाला दंड झाला 9 हजार येन, तेव्हाच्या भावाने सुमारे 6 हजार रुपये. तिची आई क्योको किमुरा, त्याही एके काळच्या कुस्तीपटू, यांनी हा विषय सोडला नाही. 2022 च्या जुलैपासून अपमानाच्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा 3 लाख येनपर्यंत दंड झाला. त्याच वर्षी ऑक्टोबरपासून लिहिणाऱ्याचं नाव मिळवण्याची नवी पद्धत आली. आधी दोनदा कोर्टात जावं लागे, एकदा फलकाच्या मालकाविरुद्ध, मग इंटरनेट कंपनीविरुद्ध. तोवर कंपनीकडच्या नोंदी पुसल्या जात. आता एकाच अर्जावर न्यायाधीश दोन्ही बाजू पाहून नाव द्यायचं की नाही ते ठरवतात.

ही व्यवस्था मला मनापासून पटते. पडदा राहू द्या, मात्र ज्याला इजा झाली त्याने न्यायाधीशाकडे जावं आणि न्यायाधीशाने कारण पाहून तो उचलावा. आबे यांच्या मागच्या बाकांवरची आरोळी आणि किमुरा यांच्या आईचा अर्ज, दोन्हींत मागणी नावाचीच आहे. तरी त्या एका मापाने मोजता येत नाहीत.

टोकियोच्या बुंक्यो भागात कोइशिकावा वनस्पती उद्यान आहे. तिथे एक जुनी विहीर दाखवतात. 1721 साली शोगुन योशिमुने याने एदोत, म्हणजे आजच्या टोकियोत, प्रजेसाठी तक्रारपेटी ठेवली. महिन्यातले ठरावीक तीन दिवस ती बाहेर ठेवली जाई आणि कुलूप स्वतः शोगुन उघडे. अट एकच: अर्जावर नाव-पत्ता हवा, निनावी अर्ज वाचला जाणार नाही. ओगावा शोसेन नावाच्या वैद्याने नावानिशी लिहिलं की गरीब रुग्णांना कोणी वाली नाही. त्यातून 1722 च्या अखेरीस इथे मोफत रुग्णालय उभं राहिलं. ही विहीर त्याचीच. 1 सप्टेंबर 1923 च्या भूकंपात टोकियो जळालं, तेव्हा उद्यानात आलेल्या हजारो निराश्रितांनी तिचं पाणी प्यायलं.

त्याच दिवसांत याच शहरात अफवा पसरली की कोरियन लोक विहिरींत विष टाकतायत. कोणी म्हटलं, कोणालाच ठाऊक नाही. गृहखात्याने ती बिनतारी संदेशाने पुढे पाठवली, तेव्हा तिला सरकारी शिक्का मिळाला. गावोगावच्या टोळ्यांनी रस्त्यात माणसं अडवून उच्चार तपासले आणि हजारो कोरियनांना ठार केलं. योकोआमिचो बागेत त्यांचा स्मृतिदगड आहे. दर 1 सप्टेंबरला तिथे लोक जमतात. टोकियोच्या राज्यपाल युरिको कोइके यांनी मात्र 2017 पासून शोकसंदेश पाठवणं बंद केलं आहे. त्या दगडासमोर उभं राहिल्यावर मला मंगळवेढा आठवल्याशिवाय राहत नाही. 1 जुलै 2018, रविवार, बाजाराचा दिवस. धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात भिक्षा मागायला गेलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने ठेचून मारलं. त्यांतले बहुतेक आपल्या मंगळवेढा तालुक्यातले. मुलं पळवणारी टोळी आल्याचे संदेश मोबाइलवरून फिरत होते आणि ते मुळात कोणी लिहिले हे कोणी विचारलं नाही. पुढे ढकलणाऱ्या प्रत्येकाचा नंबर मात्र त्याच्या गटातल्या सगळ्यांकडे होता. नावं उघड असूनही माणसं मेली.

आता कोबेकडचं सांगतो, कारण सध्या इथे निनावीपणाचा विषय निघाला की बोलणं तिथेच येऊन थांबतं. 2024 च्या मार्चमध्ये तिथल्या ह्योगो प्रांताच्या एका वरिष्ठ अधिकाऱ्याने राज्यपाल मोतोहिको साइतो यांच्यावर सात आरोप करणारं निनावी पत्र काही पत्रकारांना, आमदारांना आणि पोलिसांना पाठवलं. कर्मचाऱ्यांवर दादागिरी, भेटवस्तू, असे आरोप होते. पत्र राज्यपालांच्या हाती लागलं. ज्याच्यावर आरोप, त्यानेच लिहिणाऱ्याला शोधायचा हुकूम दिला. कार्यालयातले ईमेल तपासले गेले, अधिकाऱ्याचा संगणक ताब्यात घेतला गेला, चार दिवसांवर आलेली निवृत्ती रोखली गेली. राज्यपालांनी पत्रकार परिषदेत हा माणूस सरकारी नोकरीला नालायक असल्याचं सांगितलं. मेमध्ये तीन महिन्यांचं निलंबन. अधिकाऱ्याला विधानसभेच्या चौकशी समितीपुढे साक्ष द्यायची होती, त्याआधीच 7 जुलैला ते मृतावस्थेत सापडले.

सप्टेंबरमध्ये सभागृहाने एकमताने अविश्वास ठराव केला. नोव्हेंबरच्या निवडणुकीत साइतो पुन्हा निवडून आले. त्या प्रचारात इंटरनेटवरच्या निनावी फौजेने चौकशी समितीतल्या सदस्यांना लक्ष्य केलं होतं. त्यांतल्या एका माजी आमदाराचाही 2025 च्या जानेवारीत मृत्यू झाला. मार्चमध्ये स्वतंत्र समितीने निष्कर्ष दिला की दादागिरीचे दहा प्रकार घडले, आणि लिहिणाऱ्याचा शोध घेणं हेच मुळात बेकायदा होतं. लिहिणाऱ्याच्या शोधाबाबत राज्यपालांनी आपण योग्यच वागलो असं सांगितलं आणि ते पदावर राहिले.

जून 2025 मध्ये संसदेने जागल्या संरक्षण कायदा बदलला. गैरकारभार उघड केला म्हणून कोणाला कामावरून काढलं किंवा शिक्षा केली, तर मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. सबळ कारण नसताना लिहिणाऱ्याचा शोध घ्यायलाही त्यात मनाई आहे, पण ती मोडली तर शिक्षा मात्र नाही. त्या एका वगळलेल्या शिक्षेवरून इथले वकील अजून भांडतायत, आणि त्यांनी भांडायलाच हवं.

आपल्याकडे तळेगावचे माहिती अधिकार कार्यकर्ते सतीश शेट्टी यांचा 13 जानेवारी 2010 ला भर सकाळी खून झाला. त्यांचे सगळे अर्ज नावानिशी होते. 2014 साली संसदेने जागल्यांसाठी कायदा केला, राष्ट्रपतींची सही झाली, पण तो लागू करणारी अधिसूचना काही निघाली नाही. आणि त्या कायद्यात एक कलम आहे: तक्रारदाराने आपली ओळख दिली नसेल, तर तक्रारीवर काहीही कारवाई करायची नाही.