पाऊस, रडार आणि वाऱ्याचा दगा

हॉस्टेलवर परतताना पावसात वरसाव्याच्या पुलावर (अंधेरीचं वर्सोवा नव्हे, आपलं घोडबंदरजवळचं!) बस अडकली की विचार करण्याशिवाय काम नसतं. अशाच एका संध्याकाळी प्रश्न पडला, वारा तर दिसत नाही, मग विमानाला तो आधी कळतो कसा?

गडगडाटी ढगातून कधी कधी थंड हवेचा लोट सरळ खाली येतो, जमिनीवर आपटतो आणि चहूकडे पसरतो. हा मायक्रोबर्स्ट. उतरणाऱ्या विमानाला आधी समोरून वारा लागतो आणि थोड्याच सेकंदांत पाठीमागून. समजा पंखांवरून हवा ताशी २६० किलोमीटरने जातेय, त्यातले ४० समोरच्या वाऱ्याचे. वारा उलटून मागून ४० झाला की उरले १८०. एवढ्यावर विमान तोललं जात नाही आणि इंजिनांना जोर धरायला वेळ लागतोच. २ ऑगस्ट १९८५ रोजी डलासला डेल्टा १९१ असंच कोसळलं, १३७ माणसं गेली.

सुरुवातीची यंत्रं विमान त्या वाऱ्यात शिरल्यावर ओरडायची. म्हणजे चोर गेल्यावर कुत्रा भुंकणार! मग १९९१-९२ मध्ये नासाने एक बोइंग ७३७ ऑरलँडो आणि डेन्व्हरला मुद्दाम अशा वाऱ्यांत नेलं. उपाय पावसातच होता. थेंब वाऱ्याबरोबर वाहतात, आणि थेंब रडारला दिसतात.

भाईंदरला न थांबणाऱ्या गाडीचा हॉर्न जवळ येताना चढा आणि पुढे गेल्यावर उतरलेला ऐकू येतो ना, तोच डॉप्लर. विमानाच्या नाकातलं रडार सुमारे ३.२ सेंटिमीटरच्या लहरी सोडतं. विमानाचा स्वतःचा वेग वजा केल्यावर, सेकंदाला १० मीटरने जवळ येणारा थेंब फ्रिक्वेन्सी फक्त ६२५ हर्ट्झने वाढवतो, तीही ९३० कोटींत!

खरी डोकेदुखी खाली असते. पावसाळ्यात मुंबईला विमानं बहुतेक वेळा पूर्वेकडून, घाटकोपरवरून उतरतात. रडार खाली बघतं तेव्हा हायवेवरचे ट्रकसुद्धा 'वारा' वाटतात. स्थिर इमारती गाळता येतात, पळणारे ट्रक नाही. (आमच्या पुलावरचे मात्र आपोआप गाळले जातील.) म्हणून कॉम्प्युटर एकटा ठिपका मानत नाही. अलीकडचे थेंब जवळ येणारे, पलीकडचे दूर जाणारे, आणि ही जोडी किलोमीटरभर तरी पसरलेली, असं दिसलं तरच तो इशारा देतो. दहा ते साठ सेकंद आधी.

पण फार धो धो पाऊस या लहरी शोषून घेतो आणि पलीकडचं झाकतो. पाऊस अगदी विरळ असला तर दाखवायला थेंबच नाहीत. मधल्या पावसात मात्र कॉकपिटमध्ये आवाज येतो, 'गो अराउंड, विंडशिअर अहेड'. पायलट विमान पुन्हा वर नेतो आणि मागे बसलेले कुरकुरतात, रनवे तर समोर दिसत होता!