कंधारचा जगत्तुंग समुद्र

मराठवाड्याला किनारा नाही. इथल्या माणसाला लाटा पाहायच्या तर कोकण नाहीतर गोवा गाठावं लागतं. तरीही नांदेडपासून सुमारे 50 किलोमीटरवर, मन्याड नदीच्या खोऱ्यात, राष्ट्रकूटांचा एक समुद्र आहे. कंधारचा हा तलाव. तिसऱ्या कृष्णाच्या काळातल्या इथल्या शिलालेखात त्याचं नाव येतं : जगत्तुंग समुद्र.

हे नाव देणाऱ्यांना खरा समुद्र चांगला ठाऊक होता. पालघर जिल्ह्यातल्या चिंचणीला सापडलेला इ.स. 926चा ताम्रपट सांगतो, की किनाऱ्यावरच्या संजाणचा कारभार राष्ट्रकूटांनी महंमद नावाच्या अरब अधिकाऱ्याकडे सोपवला होता. ताम्रपटात तो मधुमती म्हणून येतो. तिसऱ्या कृष्णानं 949 साली तक्कोलमच्या लढाईत चोळांचा पराभव केला आणि दक्षिणेत थेट रामेश्वरापर्यंत मजल मारली. हे राजे स्वतःला ‘लट्टलूरपुरवराधीश्वर’ म्हणवत. ते लट्टलूर म्हणजे आपलं लातूर, असं बहुतेक अभ्यासक मानतात. राजधानी मान्यखेटला गेली, तरी घराण्यानं मूळ गावाचा अभिमान सोडला नाही, याचं मला फार अप्रूप वाटतं.

कंधारला येणारे बहुतेक जण किल्ला पाहून परततात. किल्ला आहेच तसा. हा भुईकोट. डोंगराचा आधार नाही, म्हणून संरक्षणाचा भार पाण्यानं उचलायचा. सभोवती रुंद खंदक, त्याच्या आत एकामागे एक तटबंदी, आणि शत्रूला सरळ आत घुसता येऊ नये म्हणून वळणावळणाची वाट. राष्ट्रकूटांनंतर बहमनी आले, निजामशाही आली. 1631 साली मोगलांच्या नसिरी खानानं तो जिंकला. दरवाज्यांवर, भिंतींवर फारसी लेख आहेत आणि त्याच आवारात जुनी जैन व हिंदू शिल्पंही आहेत. गावात हाजी सय्याह सरवर मखदूम यांचा दर्गा आहे. जवळच मानसपुरीत क्षेत्रपालाच्या प्रचंड मूर्तीचे भग्न तुकडे सापडले. नुसत्या पावलांकडे पाहिलं तरी अखंड मूर्ती केवढी असेल, या विचारानं मान आपोआप वर जाते.

पण माझं मन रमतं ते तलावापाशी. काळ्या पाषाणाच्या या मुलखात पावसाळी ओढे दोन दिवसांत वाहून जातात. बांध घालून ते पाणी अडवलं की खालच्या अंगाच्या विहिरींना पाझर मिळतो, जनावरांची तहान भागते, मळे टिकतात. गावाभोवती एवढी देवळं आणि एवढी वस्ती उभी राहिली, ती पाण्याची अशी तजवीज होती म्हणूनच. कंधारचा परिचय करून द्यायचा तर तटापासून नव्हे, पाळीपासून सुरुवात करावी, असं माझं ठाम मत आहे.

कारण या भागात पाण्याचा प्रश्न इतिहासात जमा झालेला नाही. एप्रिल 2016 मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. पहिल्या गाडीला दहा टाक्या होत्या आणि त्यांत सुमारे पाच लाख लिटर पाणी होतं. ज्या गावाचं नाव राष्ट्रकूट मिरवत, त्या गावाला असं पाणी यावं, हे जिव्हारी लागतं. त्यांनी बांधलेल्या जलाशयात आपण गाळ आणि कचरा साठू द्यावा, हे तर अजिबात शोभत नाही. कंधारला गाळ उपसण्याइतकंच तलावात येणारे ओढे मोकळे ठेवणंही गरजेचं आहे.

जायचं तर पावसाळा सरताना जावं. तेव्हा तलाव भरलेला असतो आणि खंदकातही पाणी असतं. सकाळ किल्ल्यात घालवावी, ऊन उतरल्यावर तलावाच्या काठानं फिरावं. हाताशी आणखी एक दिवस असेल तर लातूरकडे वळून औशाचा भुईकोट पाहावा आणि पुढे खरोशाची लेणी करावीत. औशालाही खंदक आहे. कंधार पाहून गेलेल्याला तो कशासाठी खणला, हे कुणी सांगावं लागत नाही.