तेल तापेपर्यंत

थंड कढईत गोडेतेल ओतलं की ते आळसावून बुडाशी बसतं. गॅस लावा, दोन-तीन मिनिटांनी कढई जरा तिरकी करा; तेच तेल पाण्यासारखं सरसर धावतं. पुरी सोडायची ती या वेळेला, हे घरात कुणीही सांगेल. हॉटेलातलं टाकाऊ तेल डिझेल गाडीत जाळणाऱ्यांची सगळी विद्या या एवढ्याशा अनुभवावर उभी आहे. त्यांनी इंजिनाला फारसा हात लावला नाही, तेलात रसायन मिसळलं नाही. तेल तापवलं, इतकंच. पण ते कुठे, कधी आणि कुठपर्यंत तापवायचं, यात दोन पिढ्यांची गॅरेजं गुंतून पडली.

आकडे आधी सांगून टाकतो. दाटपणा मोजायचं माप सेंटिस्टोक. चाळीस अंशाला डिझेल भरतं २ ते ४.५, तर सोयाबीन किंवा मोहरीसारखं खाद्यतेल ३० ते ४०. म्हणजे जवळपास दहापट जाड. नोजलच्या केसासारख्या फटीतून डिझेल धुक्यासारखं फवारलं जातं, तर गार तेलाची पिचकारी बसते. जाड थेंब पुरते जळत नाहीत, अर्धवट जळून नोजलच्या तोंडावर आणि पिस्टनच्या रिंगांत काजळीचे कडक खडे धरतात. हेच तेल ऐंशी अंशांवर नेलं की आकडा दहा-बारापर्यंत उतरतो. डिझेलची बरोबरी तरीही होत नाही, पण दणकट जुन्या इंजिनाला तेवढ्यावर भागवता येतं.

कल्पना मुळात नवी नाहीच. १९०० सालच्या पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात ऑटो कंपनीनं एक छोटं डिझेल इंजिन शेंगदाण्याच्या तेलावर चालवून दाखवलं. आफ्रिकेतल्या वसाहतींत भुईमूग मुबलक होता, तिथल्या तिथे इंधन मिळेल का, हा फ्रेंच सरकारचा हिशेब. खुद्द रुडॉल्फ डिझेलनं १९१२ साली ही आठवण सांगितली. इंजिन इतकं सुरळीत चाललं की आत वेगळं तेल आहे हे फार थोड्यांच्या ध्यानात आलं. पुढे खनिज तेल स्वस्त झालं, आणि पंप-नोजल त्या पातळ तेलाच्या मापानं घडत गेले. शंभर वर्षांनी खाद्यतेल परत आलं तेव्हा इंजिनाची सवय मोडली होती.

परत आलं ते विशेषतः अमेरिकेत, नव्वदीच्या अखेरीला आणि त्यानंतरच्या दशकात, जुन्या मर्सिडीजच्या डिक्कीतून. गाडी बहुतेक वेळा ३००डी. अंगात पाच सिलिंडरचं, तीन लिटरचं ओएम ६१७ इंजिन. या इंजिनाची निवड हौसेखातर झालेली नव्हती. त्यात तेल थेट पिस्टनवर फवारलं जात नाही, आधी प्रीचेंबर नावाच्या छोट्या कोठडीत जातं. तिथल्या घुसळणीत फवाऱ्याचा ढोबळपणा बराच खपून जातो. दुसरं कारण पंप. बॉशच्या या एका ओळीतल्या पंपाला वंगण मिळतं इंजिन ऑइलचं. ज्या रोटरी पंपांना वंगण म्हणूनही इंधनच लागतं, ते गार, जाड तेल ओढताना मोडून पडतात. त्यामुळे खरेदीला गेलेला माणूस गाडीचा रंग बघायच्या आधी बॉनेट उघडून पंप बघायचा.

आता तेलाच्या वाटेनं जाऊ. दुसरी टाकी बसते डिक्कीत, बहुधा स्टेपनीच्या खड्ड्यात. मूळ टाकीत साधं डिझेलच राहतं. इंजिनाला गार ठेवणारं कूलंट स्वतः ऐंशी अंशांच्या घरात असतं. ते एरवी रेडिएटरमध्ये जाऊन आपली ऊब वाऱ्याला देऊन येतं. इथे त्यातली एक धार होजपाइपनं मागे नेलेली असते. टाकीच्या बुडात वेटोळं, तिथून तेल निघतं ती नळी गरम कूलंटच्या नळीला बिलगून, दोन्हींवर मिळून फोमची गुंडाळी. मग तापवलेला फिल्टर. गार तेलात मेणासारखा गाळ धरतो आणि फिल्टर पहिल्यांदा तिथेच तुंबतो. पुढे इंजिनापाशी चपटा, वहीएवढा प्लेट हीट एक्स्चेंजर: स्टेनलेसचे पन्हळी पत्रे, एका फटीतून कूलंट, शेजारच्या फटीतून तेल. शेवटी काही जण पंपाच्या अगदी तोंडाशी बॅटरीवरचा छोटा हीटर लावतात.

एवढ्या पसाऱ्याला उष्णता लागते किती? मी कागदावर मांडून बघितलं. हमरस्त्यावर ही गाडी तासाला साधारण दहा लिटर तेल पिते. दहा लिटर तेल दहा अंशांवरून ऐंशीवर न्यायला तासभर साडेतीनशे वॉट पुरतात. कपड्यांच्या इस्त्रीच्या निम्म्याहूनही कमी. तेच दहा लिटर जळताना इंजिन कूलंटला देतं वीस-पंचवीस किलोवॉट. म्हणजे फेकून द्यायच्या उष्णतेतला साठावा-सत्तरावा भाग. हा हिशेब जमल्यावर मला या यंत्राबद्दल खरं प्रेम वाटू लागलं.

अडचण आहे ती वेळेची. सकाळी इंजिन गार, कूलंट गार, डिक्कीतलं तेल तुपासारखं. म्हणून गाडी सुरू होते डिझेलवर. पाच-दहा मैल गेले, काटा वर सरकला, की चालक डॅशबोर्डवरचं बटण दाबतो, व्हॉल्व्ह फिरतो, तेल आत येतं. आवाज किंचित मऊ होतो, मागे तळणीचा वास सुटतो. घर जवळ आलं की मिनिट-दोन मिनिटं आधी बटण पुन्हा डिझेलकडे, म्हणजे पंप आणि नोजल धुऊन निघतात. हे विसरलं की दुसऱ्या दिवशी पंपात गोठलेलं तेल आणि खाली उतरलेली बॅटरी. ज्याचं ऑफिस घरापासून दोन मैलांवर, त्याला या खटाटोपाचा उपयोगच नाही; इंजिन तापायच्या आत तो पोचतो.

आणखी एक खोड. जाड तेल ओढताना पंपाचा जोर वाढतो आणि क्लॅम्प जरा ढिला असला तरी लाइन हवा घेते. तेल गळताना दिसत नाही, हवा मात्र आत शिरते आणि गाडी चढावर गचके खाते. असल्या गाड्यांतला निम्मा दोष तेलाच्या माथी मारला जातो आणि निघतो तो चार आण्यांच्या क्लॅम्पमध्ये.

तापवून सगळं साधत नाही, हेही सांगायला हवं. पुन्हा स्वयंपाकघरात चला. तळणीच्या कढईच्या काठाला, तेलाच्या बुधल्याला जो पिवळा चिकटा बसतो, घासणीलाही दाद देत नाही, तो म्हणजे हवा आणि उष्णता लागून तेलाचे रेणू एकमेकांना धरून बसलेले. जळायचं राहिलेलं तेल रिंगांवरून खाली इंजिन ऑइलमध्ये उतरलं की तिथे हेच होतं. ऑइल वेळेवर बदललं नाही तर ते काकवीसारखं घट्ट होतं. तांबं या चिकट्याला घाई करतं, म्हणून जाणते लोक तांब्याची नळी टाळून ॲल्युमिनियम किंवा स्टेनलेस वापरतात. गंमत अशी की त्यांच्या त्या स्टेनलेस एक्स्चेंजरचे पत्रे बहुधा तांब्याच्याच ब्रेझिंगनं जोडलेले असतात.

तेलातलं पाणी तपासायची रीतही आपल्या ओळखीचीच: तापल्या तव्यावर चमचाभर टाकायचं. गप्प राहिलं तर ठीक. तडतडलं तर पुन्हा काही दिवस पिंपात निवळत ठेवायचं. पिंपं भरायला हे लोक हॉटेलांच्या मागच्या दारी जात. चिनी-जपानी हॉटेलांचं तेल नावाजलेलं, कारण ते थंडीतही पातळ राही. बर्गरवाल्यांचं वनस्पती तुपासारखं थिजे. सुरुवातीला हॉटेलवाले खुशीत फुकट देत, कारण ते उचलून न्यायला त्यांनाच पैसे मोजावे लागत. पुढे बायोडिझेलच्या कारखान्यांनी भाव द्यायला सुरुवात केली, तेलाच्या चोऱ्या होऊ लागल्या आणि त्या कळकट पिंपांना कुलपं लागली.

युरोपात गोष्ट थोडी निराळी. बव्हेरियातल्या लुडविग एल्सबेट यांनी वनस्पती तेलासाठीच इंजिन घडवलं. पुढे त्यांच्या घराण्याच्या कंपनीनं नोजल आणि ग्लो प्लग बदलून एकाच टाकीवर भागवायची रीत रूढ केली. ब्रिटनमध्ये २००२ साली वेल्समधल्या लानेलीत सुपरमार्केटचं तेल टाकीत ओतणारे पकडले गेले. गुन्हा इंधनावरचा कर चुकवल्याचा. २००७ पासून तिथे वर्षाला २,५०० लिटरपर्यंत करमाफी मिळाली.

आपल्याकडे टाकाऊ तेलाचा प्रश्न पोटाचा आहे. मोठ्या हॉटेलातलं काळवंडलेलं तेल स्वस्तात हातगाडीवर जातं आणि तिथे भजी होतात. १ जुलै २०१८ पासून ज्या तेलात, पुन्हापुन्हा तळून साठणारे टोटल पोलर कंपाउंड २५ टक्क्यांवर गेले ते वापरायला बंदी आली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये अन्न सुरक्षा प्राधिकरणानं असं तेल गोळा करून बायोडिझेलकडे वळवायची ‘रुको’ योजना आणली. बायोडिझेलमध्येही तेल तापवावंच लागतं, पण ते कारखान्यात, साठेक अंशांवर, मिथेनॉलबरोबर. एकदा रेणू फोडले की पुढे गाडीला नळ्यांचं जंजाळ नको. रस्त्यावरच्या गाडीत दुसरी टाकी बसवायची हौस केलीच, तर गाडीतल्या फेरफारांवर बंधन घालणारं मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आडवं येतं.

एरवी इंजिन आपल्या दारातच होतं. ओएम ६१७ चा चार सिलिंडरचा भाऊ, ओएम ६१६, आकुर्डीच्या बजाज टेम्पोनं परवान्यावर बनवला. तोच प्रीचेंबर, तोच दणकटपणा. ‘ट्रॅक्स’च्या बॉनेटखाली बसून त्यानं वर्षानुवर्षं वडाप ओढलं. आत पंधरा माणसं, टपावर कोंबड्यांची डाली, आणि घाट अर्धा चढला की रेडिएटरमधून वाफ. मग ड्रायव्हर गाडी कडेला घेतो, टोपणावर ओलं फडकं टाकतो, सीटखालची पाण्याची बाटली काढतो आणि एवढी सगळी उष्णता थोडी निवायची वाट बघत झाडाखाली तंबाखू मळत बसतो.