चौघांचीं दोन मिनिटें

हॉकी म्हटली कीं आमच्या वाचकांच्या डोळ्यांपुढें हिरवें मैदान, वांकडी काठी आणि ध्यानचंद हीं चित्रें उभीं राहतात. कॅनडांत मात्र हॉकी म्हणजे बर्फावरची हॉकी. नोकरीनिमित्त तिकडे स्थायिक झालेल्या मुलांच्या घरीं एखादा हिवाळा काढून आलेल्या वडील मंडळींनीं हा खेळ दूरचित्रवाणीवर पाहिला असेल, व त्यांतील धक्काबुक्की पाहून "हा कसला खेळ!" म्हणून तोंडही फिरविलें असेल. आमचेंही प्रथम तसेंच झालें. परंतु या धांगडधिंग्याच्या पोटांत एक अगदीं थंड डोक्याचा, जवळजवळ गणितासारखा भाग आहे. आणि तो बिघडला तर चांगल्या संघाचें काय होतें व तो सुधारावयाचा कसा, हें आज आम्हीं सांगावयाचें योजिलें आहे.

प्रथम नियम. बर्फाचें क्रीडांगण २०० फूट लांब व ८५ फूट रुंद असतें. प्रत्येक पक्षाकडे पांच खेळाडू व सहावा गोलरक्षक. पायांत पोलादी पात्यांचे बूट, आणि चेंडूच्या जागीं कठीण रबराची तीन इंच व्यासाची चकती. चांगल्या खेळाडूच्या फटक्यानें ती तासीं शंभर मैलांच्या घरांत वेग घेते. एखाद्यानें प्रतिपक्षाच्या पायांत काठी घातली किंवा त्यास अडवून धरलें, तर पंच त्यास कांठावरच्या कांचेआड दोन मिनिटें बसवितात, व त्याच्या जागीं दुसरा घेतां येत नाहीं. म्हणजे पांचांविरुद्ध चौघे. या चौघांनीं गोल न होऊं देतां तीं दोन मिनिटें काढणें यास तिकडे 'पेनल्टी किल' म्हणतात. शब्द जरा हिंस्र आहे खरा, पण मारावयाचें असतें तें केवळ घड्याळ. एकाच्या चुकीचा भार इतरांनीं उचलावयाचा ही गोष्ट एकत्र कुटुंबांत वाढलेल्यांस नवी नाहीं. नवल एवढेंच कीं तेथें चूक करणारा कांचेआड बसून तें सारें उघड्या डोळ्यांनीं पाहत असतो.

पूर्वीं हा नियम याहून कडक होता. कितीही गोल झाले तरी शिक्षा पुरीं दोन मिनिटें चाले. पुढें ५ नोव्हेंबर १९५५ रोजीं माँट्रियलच्या झाँ बेलिव्हो यानें बोस्टनविरुद्ध एकाच शिक्षेच्या अवधींत, अवघ्या ४४ सेकंदांत, तीन गोल केले. तेव्हां अधिकाऱ्यांचे डोळे उघडले, आणि १९५६ पासून एक गोल होतांच शिक्षा संपूं लागली. त्या काळच्या माँट्रियलच्या पराक्रमावर ही मर्यादा घातली गेली असेंच म्हणावें लागेल.

अमेरिका व कॅनडा यांच्या मुख्य लीगमध्यें मोसम ऐंशीहून थोड्या अधिक सामन्यांचा असतो, आणि सामन्यागणिक साधारण तीनदां हा प्रसंग ओढवतो. वर्षाकांठीं सुमारें अडीचशें वेळां. त्यांपैकीं किती वेळां गोल न होतां निभावलें याची टक्केवारी काढतात. १९७९-८० सालीं लॉस एंजेलिसच्या संघाची ही टक्केवारी ६८.२ इतकी खालावली होती. उलट २०११-१२ सालीं न्यू जर्सीच्या संघानें ती ८९.६ पर्यंत नेली. सामान्य संघ ऐंशीच्या आसपास असतो. सत्तर आणि ऐंशी यांतील अंतर कागदावर क्षुल्लक दिसतें. परंतु अडीचशें प्रसंगांचे दहा टक्के म्हणजे पंचवीस गोल, आणि साधारणतः सहा गोलांमागें एका सामन्याचा निकाल फिरतो असा जाणत्यांचा ठोकताळा आहे.

आमची गोष्ट आहे ती पॅसिफिकच्या कांठच्या व्हँकूव्हर शहराच्या कॅनक्स नामक संघाची. १९७० सालीं लीगमध्यें आलेल्या या संघास स्टॅन्ले चषक कधींच मिळालेला नाहीं. १९८२, १९९४ आणि २०११ असा तीनदां तो अंतिम फेरीपर्यंत जाऊन रिकाम्या हातीं परतला. तेथील लोकांचें प्रेम आणि राग दोन्ही त्यामुळें जरा प्रखर असतात. २०२१ च्या उन्हाळ्यांत संघाच्या चालकांनीं मोठे व्यवहार केले. त्यांत जे बीगल व अँटवान रूसेल गेले. अनुभवी बचावपटु अलेक्झांडर एडलर लॉस एंजेलिसला गेला. ब्रँडन सटर आजारानें वर्षभर खेळूं शकला नाहीं. आणि टायलर मॉट दुखापतीमुळें पहिले कांहीं आठवडे बाहेर राहिला. हे लोक गोल करण्याविषयीं कधींच प्रसिद्ध नव्हते. त्यांच्या जाण्यानें कांहीं बिघडेल असें वृत्तपत्रें वाचून कोणास वाटलें नसतें. पण शिक्षेच्या वेळीं बर्फावर उतरत ते हेच! घरांत जो दिवाणखान्यांत कधीं दिसत नाहीं पण ज्याच्यावांचून पाणी भरलें जात नाहीं, तशांतली ही माणसें.

परिणाम तात्काळ दिसला. ५ डिसेंबर २०२१ रोजीं प्रशिक्षक ट्रॅव्हिस ग्रीन व व्यवस्थापक जिम बेनिंग या दोघांस काढण्यांत आलें, तेव्हां २५ सामने झाले होते, त्यांपैकीं अवघे ८ जिंकले होते, आणि शिक्षा निभावण्याचें प्रमाण ६५ टक्क्यांच्याही खालीं गेलें होतें. स्वतःच्याच प्रेक्षकांनीं व्यवस्थापकास हांकलून द्या म्हणून आरोळ्या ठोकाव्या, अशी वेळ आली होती. ब्रूस बूड्रो हे वयस्क प्रशिक्षक आले, मॉट बरा होऊन परतला होताच, आणि संघ सावरला. मोसमाअखेर टक्केवारी ७४.९ वर आली. म्हणजे उरलेल्या ५७ सामन्यांत ती ऐंशीच्या घरांत होती असा हिशेब निघतो. पुढील फेरी मात्र पांच गुणांनीं हुकली. एका विजयाचे दोन गुण. प्रारंभीच्या २५ सामन्यांत या एकाच दोषापायीं दहा-बारा गोल अधिक खाल्ले नसते, तर काय झालें असतें हें वाचकांनींच ताडावें.

धडा मिळाला असें वाटेल. पण मिळाला नाहीं. मॉटला मार्च २०२२ मध्यें न्यूयॉर्कला धाडण्यांत आलें. पुढच्या मोसमांत, डिसेंबरच्या पहिल्या तारखेस, मुख्य गोलरक्षक थॅचर डेम्को जखमी होऊन जवळजवळ तीन महिने बाहेर बसला. २०२२-२३ अखेर टक्केवारी ७१.६, म्हणजे ३२ संघांत सर्वांत शेवटीं. बूड्रो यांस जानेवारी २०२३ मध्यें निरोप देण्यांत आला. त्या शेवटच्या सामन्यांत प्रेक्षक त्यांच्या नांवाचा घोष करीत होते आणि तो म्हातारा डोळे पुसत उभा होता. दोष कोणाचा, हें शोधावयास कोणी थांबत नाहीं. जागा आधीं जाते.

आतां चौघांनीं करावयाचें तरी काय? जुनी रीति अशी कीं चौघांनीं गोलापुढें चौकोन धरावा, व तो चौकोन चकतीबरोबर सरकवावा. ती पुष्कळ वर्षें पुरली. परंतु हल्लींचे संघ पांच जणांची मांडणी एक-तीन-एक अशी करितात: एक मागें, तिघे आडव्या ओळींत, एक गोलाच्या तोंडाशीं. आडव्या ओळींतला मधला मनुष्य नेमका चौकोनाच्या पोकळींत उभा राहतो, आणि तो चौघांपैकीं कोणाचाच नसतो. त्याच्याकडे दोघे वळले कीं कडेचे दोघे मोकळे. वॉशिंग्टनच्या अलेक्झांडर ओव्हेच्किनचें उदाहरण प्रसिद्ध आहे. वर्षानुवर्षें डाव्या बाजूच्या एकाच वर्तुळांत उभा राहून त्यानें फटके मारले. तो कोठें उभा राहणार हें सर्वांस ठाऊक असे, तरीही गोल होत. पांचांविरुद्ध चौघे असतां सर्वाधिक गोल करण्याचा विक्रम आज त्याच्याच नांवें आहे.

याचें मर्म गोलरक्षकाच्या हालचालींत आहे. चकती समोरून येत असेल तर गोलरक्षक बहुधा ती अडवितो. पण ती गोलापुढून एका बाजूकडून दुसऱ्या बाजूस गेली कीं त्यास अंग आडवें फेकावें लागतें, आणि तेवढ्या निमिषांत जाळें उघडें पडतें. म्हणून कित्येक प्रशिक्षकांनीं चौकोन मोडून त्रिकोण पत्करला. तिघांनीं गोलापुढें दाट त्रिकोण धरून मधला मनुष्य व आडवे मार्ग झांकावयाचे, आणि चौथ्यानें पुढें जाऊन चकती असलेल्यास सतावावयाचें. यांत दूरवरून सरळ मारलेला फटका प्रतिपक्षास जाणूनबुजून देऊं केलेला असतो. आम्हांस या साऱ्या विद्येंत हीच गोष्ट सर्वांत विचारणीय वाटते. चौघांना पांचांचें सर्व कांहीं अडवितां येत नाहीं. मग काय सोडावयाचें हें आधीं एकमतानें ठरलेलें पाहिजे. दुबळे संघ हरतात ते बहुधा येथेंच. दोघे एक सोडतात, दोघे दुसरें, आणि दोहोंमधून चकती जाळ्यांत जाते.

पुढें सरसावण्याचाही मुहूर्त असतो. चकती धरणाऱ्याची पाठ वळली, ती त्याच्या काठीवरून उसळली किंवा तो कोपऱ्यांत अडकला, कीं तुटून पडावें. आणि एकानें झेप घेतली कीं उरलेल्या तिघांनीं त्याच क्षणीं आपापल्या जागा बदलाव्या. एकटा धांवला आणि बाकीचे उभे राहिले तर न धांवलेलें बरें. सरावांत कित्येक प्रशिक्षक या चौघांस काठ्या उलट्या धरावयास लावितात. काठीचें पातें हातीं नसलें म्हणजे मनुष्य पायांनीं योग्य जागीं जावयास शिकतो. मात्र फटक्यापुढें अंग आडवें घालण्याचा खरा सराव कोठेंच होत नाहीं, कारण आपल्याच माणसावर पूर्ण जोरानें चकती कोण मारील? तें धैर्य सामन्यांतच दाखवावें लागतें, आणि त्यांत घोटे व बोटें मोडतात.

उरलेल्या गोष्टी लहान वाटतील, पण घड्याळ त्यांनींच मरतें. शिक्षा सुरू होतांना चकती बचाव करणाऱ्यांच्याच हद्दींत दोघांमध्यें टाकली जाते. ती जिंकून दूरच्या टोकास फेंकली कीं पंधरा-वीस सेकंद तेथेंच गेले. एरवीं असें फेंकणें नियमाविरुद्ध, पण शिक्षेच्या काळांत चौघांस ती सवलत आहे. मात्र घाईनें ती कांचेवरून बाहेर गेली तर २००५ पासून त्याबद्दल आणखी दोन मिनिटांची शिक्षा होते, आणि चौघांचे तिघे राहतात! अर्ध्या-पाऊण मिनिटानें दमलेल्यांनीं बाहेर येऊन ताज्या दमाचे सोडावे. आणि मुळांत शिक्षाच कमी ओढवून घ्याव्या. हा उपाय सर्वांस ठाऊक असतो, आणि म्हणूनच त्याकडे कोणी लक्ष देत नाहीं.

बूड्रो यांच्या जागीं आलेले रिक टॉकेट व त्यांचे बचावाचें काम पाहणारे सहकारी ॲडम फूट यांनीं व्हँकूव्हरला कोणतीही जादू केली नाहीं. फूट स्वतः दोनदां चषक जिंकलेले बचावपटु. २०२३ च्या उन्हाळ्यांत पुन्हां तशींच न मिरविणारीं माणसें शोधण्यांत आलीं: इयन कोल, कार्सन सूसी, टेडी ब्लूगर. डेम्को तंदुरुस्त होऊन परतला होता. २०२३-२४ सालीं टक्केवारी ७९ वर आली. लीगमध्यें ती केवळ मध्यम होती. पण तळ सोडून मध्यापर्यंत येणें एवढेंच पुरेसें झालें. संघानें ५० सामने जिंकले, १०९ गुण मिळवून आपल्या विभागांत पहिला क्रमांक पटकावला, आणि दुसऱ्या फेरींत एडमंटनशीं सातव्या सामन्यापर्यंत झुंजून एका गोलानें हरला. हें सारें यश या एका सुधारणेचें होतें असें म्हणणें अर्थातच वावगें ठरेल; ऐन रंगांत आलेले खेळाडूही त्या वर्षीं पुष्कळ होते.

याचा पुरावा लगेच मिळाला. २०२४-२५ सालीं याच संघाचा शिक्षेच्या काळांतील बचाव आणखी सुधारून ८२ टक्क्यांच्या वर, लीगमध्यें तिसऱ्या क्रमांकास पोंचला. त्या वर्षीं संघ ९० गुणांवर थांबला व पुढील फेरींत गेलाच नाहीं. पांचांविरुद्ध पांच असतांना गोल होईनात. टॉकेट २०२५ च्या मे महिन्यांत फिलाडेल्फियास गेले, आणि त्यांच्या जागीं मुख्य प्रशिक्षक म्हणून फूट यांची नेमणूक झाली.